धुऱ्यावरच्या झाडाचं शास्त्रीय नाव कसं शोधायचं?

दोन हंगामांपूर्वी मी तालुक्याच्या एका दुकानात गेलो आणि म्हटलं, "भाऊ, बोंडअळीचे ल्यूर द्या." त्यानं दिले. कामगंध सापळे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, लावले. रोज सकाळी पिशव्या उघडून पाहायचो. तीन आठवड्यांत चार-दोन पतंगांपलीकडे काही अडकलं नाही, म्हणून मी खुशीत. मग एक दिवस डोमकळी (न उमलता मिटूनच राहिलेलं फूल) दिसली. दुसऱ्या दिवशी बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. सापळ्यातलं ल्यूर मात्र हिरव्या बोंडअळीचं होतं.

दुकानदाराला बोल लावावा तर मी मागितलं तेच त्यानं दिलं होतं. "बोंडअळी" या एका शब्दात तीन वेगळे किडे बसतात. हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, ठिपक्यांची म्हणजे इअरियास व्हिटेला आणि गुलाबी म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. ल्यूरमध्ये मादीचा कृत्रिम गंध असतो. तो एकाच जातीच्या नराला कळतो, बाकीचे नर त्याच्याकडे फिरकतही नाहीत. गुलाबीसाठी गॉसिप्लूर लागतं, हिरवीसाठी हेलील्यूर. गंमत अशी की हीच हिरवी अळी हरभऱ्यावर गेली की तिला आपण घाटे अळी म्हणतो आणि तुरीवर गेली की शेंगा पोखरणारी अळी. म्हणजे तीन किड्यांना एक नाव आणि एका किड्याला तीन नावं!

गावातली नावं चुकीची आहेत असं मला म्हणायचं नाही. पण ती आपल्या तालुक्यापुरती चालतात. आमच्या विदर्भातला तरोटा पश्चिम महाराष्ट्रात टाकळा होतो. शास्त्रीय नाव मात्र गट नंबरासारखं असतं. कोणत्याही तलाठ्यानं नकाशा उघडला तरी बोट त्याच जागेवर पडतं. हा गट नंबर घरबसल्या कसा शोधायचा, ते खाली सांगतो. झाड घेतलं आहे तरोट्याचंच. पावसाळा लागला की तो धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाशी कुठेही सापडतो, आणि दोन रोपं उपटली तर कोणी भांडायला येत नाही.

आधी "जात" या शब्दाचा घोळ मिटवू

आपण विचारतो, "सोयाबीनची कोणती जात पेरली?" उत्तर येतं, जेएस ३३५. जीवशास्त्राच्या भाषेत ती जात नव्हे, तो वाण. सोयाबीनचे सगळे वाण मिळून एकच जाती होते. त्यात वर्तमानपत्रं "पक्ष्यांच्या दुर्मिळ प्रजाती" असं छापतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा जातीच म्हणायचं असतं. आपल्या शालेय पुस्तकांतली उतरंड अशी आहे: सृष्टी, संघ (वनस्पतींत विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती मोठी, तिच्या पोटात जाती. विश्वकोशात प्रजातीऐवजी वंश हा शब्द दिसतो. तोही चालेल, फक्त एका वहीत दोन शब्द मिसळू नका.

सृष्ट्या नेमक्या किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्ट्या मांडल्या. १९९० मध्ये कार्ल वोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याही वर तीन अधिक्षेत्रं ठेवली. वावरात काम करणाऱ्याला त्या वादाचं फारसं काम पडत नाही. कामाच्या पायऱ्या खालच्या तीन आणि त्यातही सर्वांत उपयोगी कुल.

का, ते कपाशीवरून पाहा. कपाशीचं फूल उभं चिरा. पुंकेसर सुटे नसतात. ते एकमेकांना चिकटून त्यांची नळी झालेली असते आणि त्या नळीतून स्त्रीकेसर वर आलेला असतो. आता भेंडीचं फूल चिरा, अंबाडीचं चिरा, दारातल्या जास्वंदीचं चिरा. सगळीकडे तीच नळी. ही चारही झाडं माल्व्हेसी या एकाच कुलातली. ठिपक्यांची बोंडअळी भेंडीच्या फळातही सापडते ती उगाच नाही, तिच्या लेखी दोन्ही एकाच घरची माणसं. कपाशीभोवती भेंडीच्या ओळी सापळा पीक म्हणून लावायला सांगतात, त्यामागचं कारणही हेच. नातं कळलं की पुढचा अर्धा अंदाज आपोआप येतो.

प्रजातीच्या आत काय होतं, तेही कपाशीच दाखवते. देशी कपाशी गॉसिपियम अर्बोरियम, तर बाजारातल्या बीटी संकरित बियाण्याची कपाशी गॉसिपियम हिर्सुटम. दोघी बहिणी दिसतात, पण पहिलीच्या पेशीत २६ गुणसूत्रं आणि दुसरीच्या पेशीत ५२. म्हणून शेजारी शेजारी लावल्या तरी त्यांचा सहजासहजी संकर होत नाही.

पायरी पहिली: पान कुठं सुरू होतं, ते शोधा

हसू नका, नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. "पळसाला पानं तीनच" ही म्हण आपण सगळे वापरतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते तीन मिळून एकच पान होतं आणि त्याच्या तीन पर्णिका. ओळखायची खूण सोपी आहे. पान फांदीला जिथं जोडलेलं असतं, त्या बेचक्यात बारीक कोंब असतो. पर्णिकेच्या बुडाशी कोंब नसतो. पळसाच्या तीन पर्णिकांच्या बुडाशी कितीही शोधा, कोंब सापडणार नाही. तो मिळेल लांब देठाच्या मुळाशी.

आता तरोटा हातात घ्या. देठाच्या टोकापर्यंत मोजा: समोरासमोर तीन जोड्या, म्हणजे सहा पर्णिका, आणि टोकाला एकटी पर्णिका नाही. हे झालं एक पान. संध्याकाळी त्याच रोपाकडे परत जा, पर्णिका मिटलेल्या दिसतील. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी थोडी वाकलेली. एवढ्या खुणांवरून शेंगांचं कुल, म्हणजे फॅबेसी, आणि त्यातली सेना ही प्रजाती इथपर्यंत पोचता येतं.

जातीचा निकाल लागतो एका बारीक वस्तूवर. पर्णिकांच्या जोडीमध्ये, मधल्या दांड्यावर, मोहरीपेक्षाही लहान खुंटीसारखी ग्रंथी उभी असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, ते स्वस्तात मिळतं. खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक ग्रंथी असेल तर सेना टोरा. फक्त सर्वांत खालच्या जोडीत एकच असेल तर सेना ऑब्ट्युसिफोलिया. दुरून दोन्ही सारखेच तरोटे दिसतात आणि पहिल्या पावसानंतर दोन्हींची कोवळी पानं भाजीसाठी सारखीच खुडली जातात. एका पानावर विसंबू नका. निरनिराळ्या रोपांची पाच-सहा पानं तपासा, कारण ग्रंथी वाळून गळतेही.

पायरी दुसरी: फोटो, पण पुराव्याचे

फुलाचा एक सुंदर फोटो काढून "हे काय आहे?" असं विचारणाऱ्याला कोणताही जाणकार नीट उत्तर देऊ शकत नाही. पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूनं, फळ अख्खं, फळ चिरलेलं, झाड मोठं असेल तर साल, असे फोटो हवेत. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं. तरोट्याच्या बाबतीत ग्रंथीचा फोटो नसेल तर बाकीचे दहा फोटो असून नसल्यासारखे.

आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या दोन्ही ठिकाणी फोटो टाकता येतात आणि जाणकार माणसं तिथं नाव सुचवतात. ॲप स्वतःहून जे नाव पुढे करतं, ते मी प्रजातीपर्यंतच धरतो. ॲपला फुलाचा रंग दिसतो, ग्रंथी दिसत नाही.

पायरी तिसरी: किल्ली लावा

वनस्पतींच्या सूचीग्रंथांत, म्हणजे फ्लोरांमध्ये, किल्ली दिलेली असते. दर वेळी दोनच पर्याय. जो जुळेल त्याचा आकडा धरून पुढे जायचं. ही रीत शिकायची तर आधी आपलीच एक किल्ली बनवून पाहा. सोयाबीनच्या वावरातल्या पाच तणांची माझी किल्ली अशी:

१अ. दांडा बोटांत फिरवला तर तीनधारी लागतो: लव्हाळा
१ब. दांडा तीनधारी नाही: २ कडे जा
२अ. पानाच्या शिरा समांतर: ३ कडे जा
२ब. पानाच्या शिरांची जाळी: ४ कडे जा
३अ. निळं फूल, दोन पाकळ्या मोठ्या: केना
३ब. पाकळ्या दिसत नाहीत, टोकाला बोटांसारखे तुरे: हराळी
४अ. पानाला सहा पर्णिका: तरोटा
४ब. पान गाजराच्या पाल्यासारखं चिरलेलं, फुलं बारीक पांढरी: गाजर गवत

पहिल्याच प्रश्नावर थोडं थांबतो, कारण त्यात पैसे वाचतात. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवतांच्या कुलातला नाही. तो सायपरस रोटंडस, कुल सायपरेसी. म्हणून फक्त गवतवर्गीय तणांसाठीचं तणनाशक मारलं की हराळी पिवळी पडते आणि लव्हाळा मात्र डोलत राहतो. लोक औषध नकली म्हणून दुकानदाराशी भांडतात. दांडा एकदा बोटांत फिरवला असता तर भांडण टळलं असतं.

केन्याची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. त्याचं नाव कॉमेलिना बेंगालेन्सिस. कॉमेलिना हे नाव हॉलंडच्या कॉमेलिन घराण्यावरून ठेवलं गेलं. त्या घरातले दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. फुलाच्या दोन पाकळ्या ठळक आणि तिसरी नजरेत न भरणारी, म्हणून हे नाव लिनियसला चपखल वाटलं. डवरणीच्या वेळी केना उपटताना ती तिसरी पाकळी एकदा तरी पाहा.

पायरी चौथी: नमुना वाळवा

फोटोवर नाव ठरतं, पण टिकतं ते नमुन्यावर. नवी जाती जाहीर करतानाही शास्त्रज्ञ एक नमुना नावाशी कायमचा बांधून ठेवतात. त्याला प्ररूप म्हणतात. पुढे वाद झाला की वर्णन बाजूला राहतं आणि प्ररूपाची पेटी उघडली जाते.

रोप लहान असेल तर मुळासकट घ्या, मोठं असेल तर फूल आणि फळ दोन्ही असलेली फांदी. रद्दीच्या पेपरात पसरवा. एखादं पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजूही दिसेल. वर आणखी पेपर, त्यावर फळी आणि फळीवर दगडी पाटा. पेपर रोज बदलायचे. हे मी पहिल्या पावसाळ्यात केलं नाही. आठ दिवसांनी उघडलं तर तरोट्याऐवजी बुरशीची गादी हाताला लागली. मे महिन्यात आपल्याकडे ऊनच एवढं असतं की हे काम आपोआप होतं. पण तरोटा मे महिन्यात कुठून आणणार?

वाळलेलं रोप ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्यानं टाका घालून किंवा डिंकानं बसवा. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी. तिच्यावर तारीख, गाव, तालुका, जिल्हा, जमीन काळी भारी की मुरमाड, झाडाची उंची, ताज्या फुलाचा रंग (वाळल्यावर तो उडतो), गोळा करणाऱ्याचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक. स्थानिक नाव आवर्जून लिहा आणि ते कोणत्या बोलीतलं तेही लिहा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया नावं मिळतात. ती पुस्तकांत सापडतीलच असं नाही. गठ्ठ्यात डांबर गोळ्या टाकायला विसरू नका.

किड्यांचं तंत्र वेगळं. नुसत्या अळीवरून नाव ठरवणं अवघड जातं. खाण्यासकट तिला बरणीत ठेवा, तोंडावर फडकं बांधा आणि पतंग निघेपर्यंत वाट पाहा. तो पतंग कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पक्षी आणि वन्यप्राणी यांना हात लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो आपल्या वावरातही लागू आहे. आणि सापांवर हा अभ्यास अजिबात नको. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतला फरक जवळ जाऊन शोधण्याच्या लायकीचा नाही.

पायरी पाचवी: नाव लिहा आणि वाचा

शास्त्रीय नावाचे शब्द दोन. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. ही द्विनाम पद्धती स्वीडनच्या कार्ल लिनियसनं रूढ केली. वनस्पतींच्या नावांची सुरुवात त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरतात, प्राण्यांच्या नावांची १७५८ च्या ग्रंथापासून. नाव रोमन लिपीत लिहितात: प्रजातीचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, जातीचं लहान. छापताना तिरपा ठसा, हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. या लेखात मी सगळं देवनागरीत दिलं आहे ते वाचायच्या सोयीसाठी. चिठ्ठीवर मात्र रोमनच लिहा, कारण देवनागरीत आर्मिजेरा आणि आर्मिगेरा दोन्ही चालतात आणि मग शोधणाऱ्याचे हाल होतात.

शब्द पाठ करण्यापेक्षा फोडून पाहिलेले बरे. पळस म्हणजे ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एक बी असलेला, आणि पळसपापडीत बी एकच असतं. तेंदू म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ काळं लाकूड. आपल्या पिकाची नासाडी करणारा रोही (नीलगाय) म्हणजे बॉसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. पहिल्या शब्दात गाय आणि हरीण, दुसऱ्यात बोकड आणि उंट. नाव ठेवणारेही त्याला पाहून आपल्यासारखेच चक्रावले असावेत. प्राण्यांत दोन्ही शब्द सारखे चालतात: चितळ ॲक्सिस ॲक्सिस, नाग नाजा नाजा. वनस्पतींच्या नियमांत हे चालत नाही.

नावामागे माणसाचं नाव येतं, बहुतेकदा संक्षेपात. सेना टोरा (एल.) रॉक्सब. असं लिहिलेलं दिसेल. कंसातला एल. म्हणजे लिनियस, त्यानं पहिल्यांदा नाव दिलं. पण त्यानं हे झाड कॅसिया प्रजातीत ठेवलं होतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या विल्यम रॉक्सबर्गनं ते सेनात हलवलं, म्हणून कंसाबाहेर रॉक्सब. एवढ्या एका ओळीत झाडाच्या नावाचा सगळा फेरफार वाचता येतो.

पायरी सहावी: नाव चालू आहे की बाद, ते तपासा

जुन्या पुस्तकात कॅसिया टोरा सापडेल. जुने कृषी सहायक घाटे अळीला अजून हेलिओथिस म्हणतात. १९६५ मध्ये हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली गेली, पण बोलण्यातून जुनं नाव गेलं नाही. बाभळीचं प्रकरण तर जागतिक भांडण झालं. ॲकेशिया ही अवाढव्य प्रजाती फोडायची ठरली, तेव्हा मूळ नाव कोणाकडे राहणार हा प्रश्न आला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या गटाला देण्याचा निर्णय झाला, कारण तिकडच्या जाती शेकड्यांनी. २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम झाला. आपली बाभूळ त्यामुळे व्हॅचेलिया निलोटिका झाली आणि खैर सेनेगालिया कटेचू. बाभळीला याचा पत्ता नाही, पण चिठ्ठी मात्र बदलावी लागते.

वनस्पतींसाठी लंडनमधल्या क्यू उद्यानाची प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन ही यादी फुकट पाहता येते. जुनं नाव टाकलं की आजचं मान्य नाव दाखवते.

आपल्या विदर्भातलंही एक मोठं नाव असंच बदललं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेल्या डायनासोरच्या हाडांना १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोलबर्टी असं नाव मिळालं. २००३ मध्ये त्याची प्रजाती वेगळी ठरली आणि तो आयसिसॉरस कोलबर्टी झाला. यातलं आयसी (रोमन लिपीत Isi) म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या नावाची इंग्रजी आद्याक्षरं. कोलबर्टी मात्र तसंच राहिलं. प्रजाती बदलली तरी जातीचा शब्द सहसा सोबत जातो, हा नियमच आहे.

एवढं करूनही नाव जुळत नसेल तर जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे जा. तिथं नाही जमलं तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्याला आहे, प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचंही. नमुना दोन प्रतींत असावा, एक त्यांच्याकडे ठेवायला आणि एक आपल्याकडे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही नाव कळवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, आणि नुसतं "तरोटा, भाजी" लिहिलेल्या नोंदीपेक्षा नमुना क्रमांक असलेली नोंद पुढच्या माणसाला पडताळता येते.

नाव चुकलं असं नंतर कळलं तर जुनी चिठ्ठी फाडायची नाही. तिच्या शेजारी नवी लावायची, तारीख आणि आपलं नाव टाकून. माझ्या तरोट्याच्या कागदावर आता तीन चिठ्ठ्या आहेत. पहिली जुन्या पुस्तकावरून: कॅसिया टोरा. दुसरी यादी तपासून: सेना टोरा. तिसरी भिंग आणल्यावरची. खालच्या जोडीत ग्रंथी होती, वरच्या जोडीत नव्हती. दुसऱ्या पानावर पाहिलं, तिसऱ्या पानावर पाहिलं, तिथंही नव्हती. सेना ऑब्ट्युसिफोलिया.